मैल एकशेबाराची बारा मिनिटं

आमची गाडी थांबवायला फार काही लागत नसे. रुळाच्या कडेला जाऊन उभं राहायचं आणि हातात असेल ते हलवायचं. टॉवेल, टोपी, वल्हं, अगदीच काही नसेल तर मासा. मैल सत्तावीसच्या एका बाईनं एकदा नवरा हलवला होता म्हणतात. नवरा आजारी होता आणि तिचे दोन्ही हात त्याच्यातच गुंतलेले होते. गाडी थांबली. थांबायचीच.

सडबरीहून निघून पश्चिमेला ब्लँचपर्यंत जायची. एकशेचाळीस मैल नुसतं जंगल, मधे मधे तळी. रस्ता नाही. दोन डबे, इंजिन त्यांच्याच पोटात. डबे माझ्या वडिलांपेक्षा वयानं मोठे आणि स्वभावानं बरे. आठवड्यातून तीनदा जायची, तीनदा यायची आणि सोमवारी झोपायची.

माझी फर्नांदमावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, मैल एकशेबाराला राहायची. हाच तिचा पत्ता. पाकिटावर तेवढंच लिहायचं. शाळेला सुट्टी लागली की आई मला सडबरीला कंडक्टर ओरेलकाकांच्या हवाली करायची. पावती मिळत नसे, पण मी कधी हरवलोही नाही. ओरेलकाका मला सामानाच्या डब्यात होड्यांच्या शेजारी बसवायचे आणि डब्यातून कुणाचं काय काय नेतोय ते सांगायचे. कुणाचा चष्मा, कुणाचं खमीर, कुणाची करवत धार लावून परत. एकदा एक पियानो होता. त्याच्यावर एक कोंबडी होती. दोघांची तिकिटं वेगवेगळी होती.

एकशेबाराला मावशी पिवळा टॉवेल घेऊन उभी असायची. तो टॉवेल मला आठवतो तेव्हापासून जुना होता. मी उतरायचो, आणि सुट्टी संपली की तिथूनच चढायचो. परतताना ती मला सोडायला सडबरीपर्यंत यायची. तिला चढायला बारा मिनिटं लागायची. आधी सामान, मग जॅमच्या बरण्या, मग कुत्रा. कुत्र्याला पायऱ्या पटत नसत. मग स्वतः चढायची, मग चूल विझवली का ते बघायला उतरून घरी जायची, मग परत यायची आणि म्हणायची, “विझवलेली होती.” ओरेलकाका तोवर पायरीवर बसून पाइप ओढायचे. घाई कर असं तिला कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

एवढं सगळं पाहून मोठा झालेला माणूस पुढे काय करणार? मी रेल्वेच्या धोरण विभागात लागलो.

म्हणजे देशाच्या प्रवासी रेल्वे कंपनीत, माँट्रियलला, अकराव्या मजल्यावर. खिडकीतून सगळं दिसायचं, फक्त गाडी दिसायची नाही. भिंतीवर चौकट करून लावलेलं होतं: ‘आपल्यापुढची तीन आव्हानं’. पहिलं, रूळ आपले नाहीत. दुसरं, गाड्या उशिरा येतात. तिसरं, लोक बसत नाहीत. तिसऱ्याचं कारण दुसरं होतं आणि दुसऱ्याचं पहिलं. पहिल्याबद्दल सगळं बोलून झालेलं होतं. रूळ मालगाडीवाल्यांचे. आमच्याकडे डबे होते, गणवेश होते, एक फार देखणं बोधचिन्ह होतं. मालगाडी आली की आमची गाडी बाजूच्या रुळावर जाऊन उभी राहायची, सासऱ्यांसमोर उभ्या राहिलेल्या जावयासारखी.

विभागाच्या प्रमुख लँगफर्डबाई. टोरांटोच्या. कमी बोलायच्या आणि बोलल्या की खाली रेघ मारल्यासारखं वाटायचं. माझं पहिलं काम त्यांनीच दिलं: प्रवासी मोजायचा तक्ता. मी फार सुंदर तक्ता केला. संगणकावर बाण दाबला की स्टेशनांची यादी उलगडायची, प्रवासी कुठे चढला ते निवडायचं. यादीत नसलेलं काही लिहिलं की तक्ता ते पुसून टाकायचा. त्या पुसण्याचं मला विशेष कौतुक होतं. ते मला तीन दिवस जमत नव्हतं.

दोन वर्षांनी बंद करायच्या गाड्यांची यादी आली. पहिलंच नाव आमचं. सरासरी प्रवासी: तीन.

मी ते तीन बराच वेळ बघत बसलो. मग लक्षात आलं. आमच्या गाडीला अधिकृत स्टेशनं चौदा. त्यांपैकी नऊ ठिकाणी माणूस राहत नाही. एका ठिकाणी तर फक्त पाटी आहे आणि पाटीवर अस्वलाचे दात. माणसं मैलांवर राहतात. मैल माझ्या यादीत नव्हते. ओरेलकाका दोन वर्षं इमानेइतबारे ‘मैल ११२’ लिहीत होते आणि माझा तक्ता तितक्याच इमानानं माझ्या मावशीला पुसून टाकत होता.

मी लँगफर्डबाईंकडे गेलो.

“मॅडम, चूक माझी आहे.”

“किती प्रवाशांची?”

“सगळ्यांची.”

त्यांनी चष्मा काढला. “रेमी, संचालकांना चूक सांगून चालत नाही. आकडा लागतो. एक प्रत्यक्ष मोजणी करू. जूनचा शेवटचा मंगळवार. मी स्वतः येईन. किमान चाळीस प्रवासी, आणि ब्लँचला पोहोचायला दोन तासांपेक्षा जास्त उशीर नको. दोन्ही जमलं तर गाडी राहील. एकच जमलं तर नाही.”

मावशीच्या घरी फोन नव्हता. मी ओरेलकाकांबरोबर चिठ्ठी पाठवली: ‘जूनच्या शेवटच्या मंगळवारी सगळ्यांनी गाडीत बसा. चाळीस माणसं हवीत. नाहीतर गाडी बंद आणि तुला सडबरीत कुठल्यातरी तिसऱ्या मजल्यावर राहावं लागेल. सगळ्या मैलांना सांग.’

उशिराबद्दल मी काही लिहिलं नाही. चिठ्ठी छोटी होती. शिवाय मला वाटलं, लोक चार ठिकाणी एकत्र जमतील.

मी तिथलाच असून असं वाटलं, याची मला अजून लाज वाटते. आमच्याकडे दुसऱ्याच्या मैलावर कुणी उभं राहत नाही. बंदी नाहीये. पण कुणाच्या स्वयंपाकघरात खिडकीतून चढावं तसं ते दिसतं. पाहुण्यानंसुद्धा यजमानाशेजारी उभं राहायचं, यजमानानं हात करायचा. शेजारी दोनशे पावलांवर असला तरी तो त्याच्या जागी आणि तुम्ही तुमच्या.

मंगळवारी सडबरीला नऊला गाडी सुटली. ब्लँचला तीनला पोहोचायची होती. चालवायला तोइवो होता, फिनिश माणूस, वर्षाला साधारण पन्नास वाक्यं बोलणारा. डब्यात ओरेलकाका, लँगफर्डबाई, मी, आणि एक चुकून चढलेला गृहस्थ, ज्याला टोरांटोला जायचं होतं.

मैल सहाला पहिला हात. मग मैल आठ. मग नऊ. नऊवरच्या डोरीनबाईंनी रिकामं शीतकपाट बरोबर आणलं होतं.

“डोरीनताई, हे कुठे नेताय?” मी विचारलं.

“कुठे नाही. तुझ्या मावशीनं निरोप दिला, जे असेल ते घेऊन बसा. मोजणी आहे.”

“माणसांची मोजणी आहे.”

“मग हे मोजणीत धरू नकोस,” त्या म्हणाल्या आणि त्याच्यावर बसल्या.

मैल एकोणीसला किवेला बंधू. या दोघांचं एका होडीवरून भांडण झालेलं, तेव्हा मी जन्मलेलोही नव्हतो. थोरल्यानं हात केला, गाडी थांबली, थोरला चढला. गाडी हलली, शंभर पावलं गेली, धाकट्यानं हात केला, गाडी थांबली.

लँगफर्डबाई खिडकीतून बघत होत्या. “हे दोघं एकाच ठिकाणाहून नाही का चढू शकत?”

ओरेलकाकांनी टोपी मागे सारली. “चढतील की, मादाम. मग होडी कोण ठेवणार?”

“कुठली होडी?”

“ती तर बुडली. पंचवीस वर्षं झाली.”

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटतं ‘होडी’ लिहिलं.

मैल बावन्नला डबा भरत आला. कुणी भाजी आणली होती, कुणी अ‍ॅकॉर्डियन. चाळिसावा माणूस साठाव्या मैलाला चढला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तो लाजला. मी इतका खूश होतो की एका अनोळखी कुत्र्याला मिठी मारली. तेव्हा बाईंनी घड्याळ माझ्यापुढे धरलं.

“पंचावन्न मिनिटं उशीर, रेमी.”

“तेवढं चालतं ना, मॅडम?”

“अजून ऐंशी मैल आहेत.”

आणि उशीर एकटा येत नाही. उशीर झाल्यामुळे आमची वेळ हुकली, वेळ हुकल्यामुळे समोरून मालगाडी आली, मालगाडी आली म्हणून आम्ही बाजूच्या रुळावर. मी तिच्या वाघिणी मोजल्या. एकशेछप्पन्न. धाकट्या किवेलानं एकशेपंचावन्न मोजल्या. थोरल्यानं लांबूनच एकशेछप्पन्न असं ओरडून सांगितलं आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ते एकमेकांशी बोलले. पण मालगाडी गेलेली होती, त्यामुळे पुढे बोलायला काही उरलं नाही.

मैल एकशेअकराला मी हिशेब केला. उशीर एक तास एक्कावन्न मिनिटं. पुढे रूळ मोकळे. पुढे घर एकच, मावशीचं. मावशीला बारा मिनिटं लागतात. हातात नऊ होती.

हे मी ओरेलकाकांच्या कानात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे फर्नांदचं घर वाचवायला फर्नांदला सोडून जायचं?”

“आजच्या दिवस.”

“पोरा, मी तेहतीस वर्षं या गाडीवर आहे. हात केलेल्या माणसाला सोडून ही गाडी गेलेली नाही. माझं लग्न होतं त्या दिवशीसुद्धा नाही. मला उशीर झाला, बायकोला राग आला, पण गाडी थांबली.”

“काका, दोन मिनिटांत ठरवायचंय.”

“मग तूच ठरव. तुझी मावशी आहे. तोइवोला मी सांगणार नाही.”

मी पुढे गेलो. तोइवोच्या पाठीमागे उभा राहिलो. वळण संपलं आणि रुळाच्या कडेला पिवळा ठिपका दिसला. माझ्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्यांची सुरुवात त्या ठिपक्यानं व्हायची. आधी ठिपका, मग टॉवेल, मग मावशी.

“थांबू नको,” मी म्हणालो.

तोइवो वळून माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं लांबलचक भोंगा वाजवला आणि गाडी मावशीजवळून पुढे गेली. मी खिडकीतून बघितलं. ती टॉवेल हलवतच होती. गाडी पुढे गेली तरी हलवत होती. आपण पुरेसा हलवला नाही असं तिला वाटलं असावं.

मागून डब्यात जो आवाज झाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. साठ माणसं एकदम उभी राहिली.

“फर्नांद राहिली!”

“अरे, फर्नांद राहिली! आंधळा आहे का तोइवो?”

“मी थांबवली नाही,” मी डब्यात येऊन म्हणालो. “नऊ मिनिटं होती. गाडी वाचवायची होती.”

डोरीनबाई शीतकपाटावरून उठल्या. “अरे, हात करणाऱ्या बायकांसमोरून सरळ निघून जाणारी गाडी आम्हाला हवीय कशाला? तशी मालगाडी आहेच की.”

लँगफर्डबाईंनी वही मिटली.

“मागे घ्या,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, मागे घ्यायला मालगाडीवाल्यांची परवानगी लागते. त्यांचं नियंत्रण कार्यालय तीन प्रांत पलीकडे आहे.”

“मग मागा.”

परवानगी मागितली. पलीकडच्या माणसानं कारण विचारलं. तोइवो म्हणाला, “फर्नांद.” पलीकडच्या माणसानं फर्नांद हे ठिकाण आहे का म्हणून विचारलं. तोइवो म्हणाला, “हो.” त्याच्या त्या वर्षाच्या पन्नास वाक्यांतली दोन तिथे गेली. परवानगी यायला दोन तास लागले, मधे आणखी एक मालगाडी गेली. मग आम्ही अर्धा मैल मागे आलो, पाठमोरे.

मावशी तिथेच ओंडक्यावर बसलेली होती. टॉवेलची घडी मांडीवर.

“कोण गाढव होतं?” तिनं विचारलं.

“मी, मावशी.”

“असं होय,” ती म्हणाली. “मग सामान उचल.”

तिला चढायला बारा मिनिटं लागली. चूल विझवलेली होती.

आम्ही ब्लँचला सात वाजून दहा मिनिटांनी पोहोचलो. चार तास दहा मिनिटं उशीर. प्रवासी एकसष्ट, थांबे त्रेचाळीस, कुत्री अकरा, शीतकपाट एक. उन्हं अजून होती. एकसष्ट माणसं फलाटावर उतरली आणि एकमेकांकडे बघत उभी राहिली, कारण ब्लँचला कुणाचंच काही काम नव्हतं आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती. सगळ्यांना गावातल्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, सभागृहात ठेवलं. कुणीतरी वाटाण्याचं सूप केलं. लँगफर्डबाई थोरल्या किवेलाबरोबर पत्ते खेळल्या आणि हरल्या. टोरांटोवाला गृहस्थ म्हणाला, इतकी चांगली गाडी त्याला माहीतच नव्हती.

महिन्याभरानं संचालकांचा निर्णय आला. उशिराचं कारण ‘अमान्य थांबे’, असं बाईंनी अहवालात लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. म्हणून गाडी एक वर्ष चालू ठेवायची, मात्र ती यापुढे फक्त अधिकृत स्टेशनांवरच थांबेल. लांबून बघितलं तर आम्ही जिंकलो होतो. जवळून बघितलं तर गाडी आठवड्यातून सहा वेळा मावशीच्या दारावरून वेळेवर जाणार होती.

हे सांगायला मी स्वतः एकशेबाराला गेलो. मावशीच्या स्वयंपाकघरात बसलो. चुलीवर ब्लूबेरींचा जॅम शिजत होता आणि त्या वासानं मला आपण आठ वर्षांचे आहोत असं वाटत होतं. आठ वर्षांचा मुलगा जितका उपयोगी असतो तितकाच मी होतो.

“अधिकृत म्हणजे काय?” तिनं विचारलं.

“यादीत नाव असलेलं.”

“ते यादीत कोण घालतं? पंतप्रधान?”

“नाही गं. आमच्याच विभागात एक तक्ता आहे. त्यात यादी आहे. ती सगळीकडे जाते, वेळापत्रकात, तिकिटांत.”

“आणि तो तक्ता कुणाकडे असतो?”

मी जॅमकडे बघितलं. जॅम उतू जात होता.

“माझ्याकडे,” मी म्हणालो.

मावशीनं पातेलं उतरवलं. “बोटं दुखतात का तुझी?”

सोमवारी मी अकराव्या मजल्यावर गेलो आणि तक्ता उघडला. चौदाची सत्तावन्न स्टेशनं केली. मैल सहा, मैल आठ, मैल नऊ. किवेला थोरले. किवेला धाकटे. फर्नांद. प्रत्येकाला जितका वेळ लागतो तितका लावला. मग गाडीचं वेळापत्रक आपोआप लांबलं. ब्लँचला पोहोचायची वेळ तीनची पावणेसहा झाली.

यादीवर लँगफर्डबाईंची सही लागायची. त्यांनी ती वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सावकाश. मी माझं टेबल कसं आवरायचं याचा विचार करत होतो.

“किवेला धाकटे आधी घाल,” त्या म्हणाल्या. “नाहीतर तो चढायचा नाही.”

“मॅडम, रुळावर थोरले आधी येतात.”

“हो का,” त्या म्हणाल्या. “मग राहू दे.” आणि सही केली.

त्या वर्षी संपूर्ण देशात सर्वांत वेळेवर धावणारी गाडी म्हणून आमच्या गाडीला कंपनीचं पारितोषिक मिळालं. पितळी ढाल. ती घ्यायला ओरेलकाका आले, निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात. भाषणात त्यांना यशाचं रहस्य विचारलं. ते म्हणाले, “थांबायचं.” टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षीच्या पत्रकात ते छापलंसुद्धा, धोरण म्हणून.

गाडी बंद करायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, आणि मावशी त्यानंतर सहा वर्षं तिथे राहिली. गेली तीही घरातच, ऑगस्टमध्ये. तिला ओरेलकाकांच्या जागी आलेल्या मुलीनं सडबरीला नेलं, सामानाच्या डब्यातून, होड्यांच्या शेजारी ठेवून. मी बरोबर होतो. चढवायला किती वेळ लागला ते मी मुद्दाम बघितलं नाही. गाडी मात्र वेळेवर पोहोचली.

आता एकशेबाराला कुणी राहत नाही. नियमाप्रमाणे वापरात नसलेलं स्टेशन यादीतून काढायचं असतं, आणि तो नियम मीच लिहिलेला आहे. दर जानेवारीत मी तक्ता उघडतो, बाण दाबतो, यादी उलगडते, ‘फर्नांद’पर्यंत जातो. मग जेवायची वेळ होते.

मागच्या उन्हाळ्यात लँगफर्डबाई निवृत्त झाल्या. जाताना वेळापत्रक हातात घेऊन त्या माझ्या टेबलापाशी थांबल्या.

“या फर्नांद स्टेशनवर गाडी अजून बारा मिनिटं थांबते?”

“हो, मॅडम.”

“कोण चढतं तिथे?”

“सध्या कुणी नाही.”

त्यांना ती बारा मिनिटं खोडायची असती तर पेन हातातच होतं.

“चूल बघायला लागत असेल कुणाला तरी,” त्या म्हणाल्या आणि वेळापत्रक परत ठेवलं.

मी जातो कधी कधी. गाडी थांबते. तोइवो पण आता नाही. नवीन चालवणारा खाली उतरून पाय मोकळे करतो. मी रुळापासून घरापर्यंत चालत जातो, दारातून आत बघतो आणि परत येतो. बरोबर बारा मिनिटं लागतात.

“झालं?” तो विचारतो.

“विझवलेली आहे,” मी म्हणतो, आणि गाडी सुटते.